पंचवीस वर्षं टिकणारे हार

देवणी सेवा क्लबचं पुढच्या पंचवीस वर्षांचं भवितव्य ठरवायला बारा सदस्य जमले आणि त्यातला पहिला पाऊण तास चहा बिनदुधाचा का, यावर गेला. ज्या गावाच्या नावानं गाईंची जात ओळखली जाते त्या गावात चहाला दूध मिळू नये, हे अध्यक्ष मन्मथप्पांच्या मनाला फार लागलं होतं. पण पावसानं सलग दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती आणि गाई गेल्या होत्या छावणीला. शेवटी क्लबच्या चिटणीस पंचशीलाबाई कांबळे यांनी कपबशा स्वतःच गोळा केल्या आणि परिपत्रक वाचायला घेतलं.

लातूर जिल्हा होऊन दोनच वर्षं झाली होती. नव्या जिल्ह्याचा उत्साहही नवा होता आणि शिक्केही नवे होते, त्यामुळे परिपत्रकं धडाधड येत होती. या परिपत्रकात मात्र कामाची गोष्ट होती. बोअर पाडून त्यावर हातपंप बसवून मिळणार होता, पण तो ज्या संस्थेच्या ताब्यात द्यायचा तिनं पंचवीस वर्षं त्याची देखभाल करायची होती. ती कशी करणार, कोणत्या वर्षी जबाबदारी कोणाची, याचा आराखडा आधी दाखवायचा होता. अनुभव असा होता की पंप सहा महिन्यांत मोडतो आणि संस्था त्याच्याही आधी. तालुक्यात बोअरची गाडी एकच होती. शनिवारी उपअभियंता येऊन पाहणी करणार होते. त्यांना आराखडा पटला तर गाडी देवणीला, नाहीतर पुढच्या गावाला.

पंचशीलाबाई प्राथमिक शाळेत चौथीच्या वर्गावर होत्या. त्यांच्या पटावर अकरा मुली होत्या आणि हजर असायच्या तीन. उरलेल्या आठ जणी टँकरच्या रांगेत घागरीवर बसलेल्या असत. बाई रोज शाळेत जाताना त्या रांगेजवळ थांबून पाढे म्हणून घेत, पण रांग सरकली की पाढाही तुटे. मुलींच्या आयांना बाईंनी शब्द दिला होता की क्लबच्या जागेवर बोअर पडेल आणि पोरी शाळेत येतील. हा शब्द आपण जरा घाईनं दिला, हे त्यांना रोज रात्री पाठ टेकली की आठवत असे.

"माणसं बारा, वर्षं पंचवीस," बाई म्हणाल्या. "प्रत्येकानं दोन-दोन वर्षं अध्यक्ष व्हायचं. अप्पा आत्ता हायतच, त्यांना तीन. झालं की बरोबर."

"हिशोब चोख हाय," मन्मथप्पा म्हणाले. त्यांचं कापडाचं दुकान होतं आणि जगातली कोणतीही वस्तू ते ती किती वर्षं टिकेल यावरून तोलत. "माज्यानंतर वयानं थोरले ते पुढं. म्हंजे ग्यानोबातात्या, पुढचा नंबर तुमचा."

ग्यानोबातात्या चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. त्यांनी पटका सारखा केला आणि विचारलं, "वयानं का म्हून?"

"मान हाय की तुमचा!"

"मान न्हाई. तुमी असा इचार करायलाव की म्हातारं लई दिवस टिकत न्हाई, तवा ह्याला आधी उरकून घ्या. हाव का न्हाई?"

असा विचार सगळ्यांनीच केला होता, त्यामुळे कोणाला पटकन नाही म्हणता येईना. तात्या उठून उभे राहिले. "मला शेवटची दोन सालं द्या. दोन हजार सात आन् आठ. न्हाईतर माजं नाव काढा."

"तात्या, तवा तुमी सत्त्याण्णव वर्षांचे असाल," व्यंकटी म्हणाला. हा सगळ्यात तरुण सदस्य. गावाबाहेर त्याचा फुलांचा मळा होता आणि तो यंदा पार वाळून गेला होता.

"मग? तुज्या पोटात का दुखायलंय?"

तात्यांना शेवटची दोन वर्षं दिली. पण एवढ्यावर भागेना. आता पुढचा नंबर ज्याच्याकडे येई तो बिचकू लागला. लवकरचं साल म्हणजे लवकरचं मरण, असं एकदा डोक्यात बसल्यावर क्लबात बारा वर्षं टिकलेली माणसंही दोन वर्षांसाठी पुढं येईनात. सदुसष्ट वर्षांचे बसलिंगप्पा म्हणाले की त्यांना एकोणीसशे नव्वदच्या आत काही देऊ नये, कारण थोरल्या नातीचं लग्न व्हायचं आहे. शेवटी पंचशीलाबाईंनी मन्मथप्पांच्या मागोमाग स्वतःचं नाव लिहिलं आणि बाकीच्यांच्या चिठ्ठ्या टाकल्या. बाई अडतीस वर्षांच्या होत्या आणि मरायला त्यांना सवडच नव्हती.

यादी झाली. पण जलीलभाईंना ती पसंत पडली नाही. बसस्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि नुसत्या कागदावर त्यांचा विश्वास नव्हता.

"सायबलोकांपुढं कागद दिवसभर येतात," ते म्हणाले. "भिंतीवर फोटो लावू. पयले अध्यक्ष ते आखरी अध्यक्ष, एका लाइनीत बाराच्या बारा. साहेब आत आला की पंचवीस साल एकदम दिसले पाहिजेत. फ्रेमा माझ्याकडून."

ही कल्पना सगळ्यांना एकदम आवडली, कारण फोटो सगळ्यांनाच हवा होता. ग्यानोबातात्यांनी आयुष्यात फोटो काढला नव्हता. जलीलभाईंनी त्यांना स्टुलावर बसवून "तात्या, जरा हसा," म्हटलं, तर तात्या म्हणाले, "दोन हजार आठ सालचा अध्यक्ष हाय मी, हसू कशाला?" त्यामुळे फोटोत ते फारच गंभीर आले. प्रत्येक फ्रेमखाली लावायच्या सालांच्या पट्ट्या मात्र शुक्रवारी उशिरा रंगवून झाल्या आणि शनिवारी सकाळी त्या क्लबच्या मागच्या अंगणात वाळत पडल्या होत्या.

आता उरला साहेबांचा सत्कार. हार नाही तर सत्कार नाही आणि सत्काराशिवाय साहेब परत पाठवायचा, ही गोष्ट देवणीत आजवर कोणी ऐकली नव्हती. पण हार आणायचा कुठून? "झेंडूचं न्हाई अप्पा, पानसुदीक शिल्लक न्हाई," व्यंकटीनं सांगून टाकलं. मन्मथप्पा स्वतः सकाळच्या पहिल्या बसनं उदगीरला गेले आणि नऊ वाजता विजयी मुद्रेनं परतले. हातात पुठ्ठ्याचा खोका होता आणि खोक्यात चंदनाच्या सालपटांचे, चपट्या पिवळसर पाकळ्यांचे बारा हार होते.

"खऱ्या फुलाचा हार संध्याकाळी मान टाकतो," ते सगळ्यांना सांगत सुटले. "ह्यो बघा! रंग जात न्हाई, सुकत न्हाई, वासबी हाय. दुकानदार म्हनला, पंचवीस वर्षं काई होत न्हाई. म्हनलं, आपल्याला नेमकी पंचवीसच पायजेत! डझनाखाली देतच नव्हता, म्हनून डझन आनले."

एक हार साहेबांना. उरलेले अकरा खोक्यात पडून राहणार, हे कापडवाल्या जिवाला सोसण्यासारखं नव्हतं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. बारा फोटो नुकतेच ओळीनं लागत होते. नवी वस्तू आली की तिला हार घालायचा, मग तो तराजू असो की ट्रॅक्टर, ही त्यांची जुनी सवय. त्यांनी एकेका फोटोला हार घालायला सुरुवात केली. स्वतःच्या फोटोला तेवढा घातला नाही. एक तर हार संपले होते आणि दुसरं म्हणजे अध्यक्षानं स्वतःला हार घालणं बरं दिसत नाही.

जलीलभाई तेव्हा स्टुलावर उभे राहून शेवटचा फोटो ठोकत होते आणि तोंडात चार खिळे धरून होते. घराघरातले असले फोटो मढवून देण्यात त्यांची हयात गेली होती. चंदनाचा हार कोणत्या फोटोला घालतात हे देवणीत त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. ते "उं! उंऽऽ!" करून हात हलवू लागले.

"हाव हाव, सरळच घालायलाव," मन्मथप्पा म्हणाले आणि हार आणखी सरळ केला. मग मुहूर्त बरा व्हावा म्हणून खाली अगरबत्त्यांचा जुडगा लावला आणि साहेबांसाठी बर्फ मिळतो का पाहायला बाहेर पडले. जलीलभाईंनी खिळे काढून बोलायला तोंड उघडलं तेव्हा खोलीत ऐकायला कोणीच नव्हतं. "या अल्ला," असं भिंतीकडे बघून ते म्हणाले आणि शाळेतून पंचशीलाबाईंना बोलवून आणायला धावले. हार काढायचे तर त्यांनी काढायला हवे होते, पण अध्यक्षांनी स्वतःच्या हातानं घातलेले हार अध्यक्षांना न विचारता काढणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

त्याच वेळी समोरच्या स्टँडवर शिरूर अनंतपाळकडून येणारी बस लागली आणि तीतून सरजाबाई उतरल्या. ही ग्यानोबातात्यांची धाकटी बहीण. त्यांच्या गल्लीतली विहीर आटली, म्हणून चार दिवस भावाकडे काढावेत या विचारानं त्या आल्या होत्या. भावाच्या गावीही पाणी नाही हे त्यांना माहीत नव्हतं. सावलीला म्हणून त्या क्लबच्या दारात टेकल्या आणि सहज आत डोकावल्या. भिंतीवर भाऊ होता. गंभीर. गळ्यात चंदनाचा हार, पुढं अगरबत्तीचा धूर.

सरजाबाईंनी बोचकं टाकलं आणि असा हंबरडा फोडला की स्टँडवरची कुत्री उठून उभी राहिली. "माज्या दादा रं! मला एका शब्दानं कळवलं न्हाई रं कुनी!" असं म्हणत त्या उंबऱ्यातच बसल्या आणि कपाळ बडवू लागल्या.

रस्त्यापलीकडे टँकरची रांग होती. तिथून शब्द ऐकू येत नव्हते, पण दिसत होतं सगळं. क्लबच्या दारात एक बाई ऊर बडवत होती. रांगेतल्या बायका आधी कुजबुजल्या, मग दोघीतिघी धावल्या, मग सगळीच रांग घागरी तिथंच टाकून क्लबपुढं आली. पाच मिनिटांत चाळीसेक बायका तोंडाला पदर लावून रडत होत्या. त्यातल्या कोणालाही रड म्हणून सांगावं लागलं नाही.

आणि नेमकी तेव्हा जीप आली.

उपअभियंता चन्नबसप्पा भला माणूस होता. रडणाऱ्या बायका पाहून त्यांनी जीप लांबच उभी केली, दारात चपला काढल्या आणि आत आले. भिंतीवर अकरा हार घातलेले फोटो होते आणि एक बिनहाराचा. त्या बाराव्या फोटोतला माणूस मागच्या दारानं नुकताच आत येऊन, हातात बर्फाची पिशवी घेऊन त्यांच्यापुढं उभा होता. साहेबांनी मान खाली घातली आणि दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. मन्मथप्पांना वाटलं, साहेबांना भिंतीवरची मोठी माणसं पाहून आदर वाटायला लागला आहे. तेही पिशवी धरून स्तब्ध उभे राहिले. बर्फ पायावर गळत होता.

"सगळे... एकदमच?" साहेबांनी हळू आवाजात विचारलं.

"न्हाई न्हाई साहेब, एकदम कसं चालंल? पाळीपाळीनं. दोन-दोन वर्षांनी एकेक."

साहेबांनी बिनहाराच्या फोटोकडे पाहिलं. "आणि तुम्ही एकटेच राहिलात."

"आत्ता मी हाय. माज्यानंतर ह्या कांबळे बाई," मन्मथप्पांनी पंचशीलाबाईंच्या फोटोकडे बोट केलं. "सगळं लिहून ठरवलंय साहेब. चिठ्ठ्या टाकून."

साहेब हळूच एक पाऊल दाराकडे सरकले. तेवढ्यात दारातली गर्दी बाजूला झाली आणि ग्यानोबातात्या धापा टाकत आत शिरले. घर मागच्याच गल्लीत होतं. साहेबांसाठी नवा पटका बांधत असताना रडारड ऐकून ते अर्धा पटका गुंडाळून आणि अर्धा हातात धरून पळत आले होते.

"काय झालं? काय झालं?" ते ओरडले.

साहेबांनी तात्यांकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या शेवटच्या फोटोकडे, आणि मग ते जवळच्या खुर्चीत बसले. बसले म्हणण्यापेक्षा खुर्ची तिथं होती म्हणून वाचले. सरजाबाईंनी भावाला पाहिलं, एक किंकाळी मारली, धावत येऊन त्याला चाचपलं आणि खात्री पटल्यावर त्याच्या पाठीत दणका घातला.

"मेल्या! जित्ता हायस तर हार कशाला घालून घेतलास?"

"कुनी घालून घेतला?" तात्यांनी भिंतीकडे वळून स्वतःचं ते रूप पाहिलं. "अप्पा, मला दोन हजार आठ दिलं हुतं न्हवं?"

जलीलभाई आणि पंचशीलाबाई तोवर पोचले होते. बाईंनी भिंत पाहिली, अगरबत्ती पाहिली, साहेबांचा पांढरा चेहरा पाहिला. गेला बोअर, त्यांच्या मनात आलं. ज्या संस्थेला जिवंत आणि मेलेला यातला फरक कळत नाही, तिच्या हाती कोण हातपंप देईल? त्यांना आठ मुली दिसल्या, पुढच्या वर्षीही घागरीवर बसलेल्या. तरी त्यांनी माठातलं उरलंसुरलं पाणी साहेबांना दिलं आणि जे घडलं ते सरळ सांगून टाकलं. फुलं नाहीत, म्हणून चंदनाचे हार. हार उरले, म्हणून फोटोंना. सालांच्या पट्ट्या अजून ओल्या आहेत, त्या मागं वाळत आहेत. हवं तर दाखवते.

साहेबांनी मागं जाऊन पट्ट्या खरंच पाहिल्या. यादी दोनदा वाचली. मग ते परत आले. मन्मथप्पांच्या हातातली पिशवी तोवर रिकामी झाली होती.

"अप्पा," शेवटी साहेब म्हणाले, "तुमच्या आराखड्यातलं मला काय खरं वाटेना. हे तात्या सत्त्याण्णवाव्या वर्षी पंपाचे नटबोल्ट आवळणार, हे मी वर काय म्हणून लिहू?"

पंचशीलाबाईंनी डोळे मिटले.

"पण मी या महिन्यात वीस संस्था बघितल्या," साहेब दाराकडे बघत म्हणाले. दारात अजून चाळीस बायका डोळे पुसत उभ्या होत्या. "एका संस्थेचा माणूस गेल्याचं कळल्यावर टँकरची रांग सोडून अख्खा गाव रडायला येतो, हे मी कुठं बघितलं न्हाई. दुष्काळात रांग सोडायची म्हंजे काय, ते मला ठाऊक हाय. असली संस्था पंचवीस वर्षं टिकंल. कागदावर काय का असंना." त्यांनी खिशातून पेन काढलं आणि सही केली. "मंगळवारी गाडी येईल."

पंचशीलाबाईंना एकदम हलकं वाटलं. जलीलभाईंनी हसत हसत डोळे पुसले. मन्मथप्पांनी शेवटचा हार साहेबांच्या गळ्यात घालायला उचलला, पण साहेब तोवर चपला घालून जीपमध्ये बसलेही होते.

धूळ खाली बसल्यावर पंचशीलाबाई बायकांपुढं गेल्या. "आयांनो, तुमचे उपकार कसे फेडू? तुमी तात्यांसाठी रडलात म्हणून आज बोअर मिळाला."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. रांगेत सगळ्यात पुढं असणाऱ्या बानोनं पदरानं नाक पुसलं. "कौन तात्या?"

"हे ग्यानोबातात्या. ते गेले असं वाटून तुमी रडत होतात ना?"

"नहीं बाई," बानो म्हणाली. "आज साहेब येणार म्हणून सगळ्यांना मालूम होतं. अन् क्लबच्या दारात बाई छाती पीटून रोयली. हमें लगा, बोअर गया दुसरे गाँव. उसके लिए रोये हम. तात्या तो अच्छे खासे हैं, सुबह ही टँकरजवळ भांडून गेले."

ग्यानोबातात्यांनी पटक्याचं लोंबतं टोक खांद्यावर टाकलं. "म्हंजे माज्यासाटी एकबी न्हाई?"

"मी रडले की रं," सरजाबाई म्हणाल्या.

"तू बहीन हायस. तुजं काय सांगायलीस." तात्या उंबऱ्यावर बसले. मन्मथप्पा त्यांच्या शेजारी टेकले, समजूत घालावी म्हणून. पण तात्या स्वतःशीच हसू लागले.

"खरं सांगू का अप्पा? घरात बसून रडनं कानावर आलं तवा माज्याबी मनात पयलं हेच आलं. म्हनलं, गेला बोअर. म्हून तर पटका अर्धा टाकून पळालो. सरजाचा आवाज हाय, ध्यानातबी आलं न्हाई."

सरजाबाईंनी त्यांच्या पाठीत आणखी एक दणका घातला, आणि मग मात्र सगळेच हसले, बानो सगळ्यात मोठ्यानं.

मंगळवारी गाडी आली. दीडशे फुटांपर्यंत नुसती धूळ निघाली आणि क्लबचे बाराही अध्यक्ष, आजचे आणि पुढचे, तोंडाला रुमाल बांधून उभे राहिले. पंचशीलाबाई चौथीच्या अकरा मुलींना ओळीनं घेऊन आल्या होत्या. एकशे नव्वदला माती ओली झाली. दोनशे दहाला पाण्याचा फवारा उडाला आणि जवळ उभ्या असलेल्या सगळ्यांना भिजवून गेला. बाईंनी तोंडावर हात धरला आणि त्यांना रडू आलं. बानो रडली, सरजाबाई रडल्या, तात्याही पटक्यानं डोळे टिपू लागले. या वेळी कोण कशासाठी रडतंय, हे कोणाला विचारावं लागलं नाही.